तीन डावखुरे

विचिटा फॉल्समधल्या एका घरी सामान विकायला काढलं होतं. टेक्सासात घरातलं म्हातारं माणूस गेलं की वारस दोन-तीन दिवस घर उघडं ठेवतात. ताटल्यांपासून पलंगापर्यंत सगळ्याला किमतीच्या चिठ्ठ्या लागतात आणि अनोळखी माणसं खोल्याखोल्यांतून फिरून वस्तू उचलतात. मी ऑफिसच्या कामाला ह्यूस्टनहून साडेसहा तास गाडी चालवत तिथे गेले होते आणि मधे अर्धा दिवस मोकळा मिळाला होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बुटांचं एक खोकं होतं. त्यात ६१ जुनी पोस्टकार्डं, सगळ्यांचे मिळून ४० डॉलर.

सगळ्यात वरच्या कार्डावर लाकडी डेरिकांची दाटी होती. ज्याच्या आधारानं खनिज तेलाची विहीर खोदतात तो उंच मनोरा म्हणजे डेरिक. एकाला एक चिकटून तीसेक तरी असावेत, आणि त्यांच्या मधोमध एका घराच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घातलेले. चादरी, लहान मुलाचे झबल्यासारखे कपडे. तेलाच्या शिंतोड्यांत त्या बाईनं कपडे कसे वाळवले असतील, या एका प्रश्नापायी मी खोकं विकत घेतलं. माझं काम तेलविहिरींतून काढलेल्या खडकांच्या नमुन्यांचं. हा धंदा मी १४ वर्षं जवळून बघते आहे, पण या धंद्यातलं दोरीवरचं धुणं मी कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर पहिली चूक केली. कार्डं खराब होऊ नयेत म्हणून स्टेशनरीच्या दुकानातून चकचकीत प्लास्टिकची पाकिटं आणली आणि घाईघाईनं सगळी त्यांत भरली. ती पाकिटं पीव्हीसीची होती. ह्यूस्टनचा दमट उन्हाळा, वरच्या मजल्यावरची खोली. तीन महिन्यांनी एक कार्ड बाहेर काढायला गेले तर त्याचा पृष्ठभाग पाकिटाला चिकटलेला, आणि आकाशाचा नखाएवढा तुकडा प्लास्टिकबरोबर सुटून आला. शंभर वर्षं टिकलेली वस्तू माझ्या हातात तीन महिन्यांत बिघडली, याचं वाईट मला अजून वाटतं. आता पॉलिस्टरची पाकिटं, आम्लविरहित कागदाचं खोकं आणि घराच्या आतल्या बाजूचं, बाहेरच्या भिंतीला न लागणारं कपाट.

कार्डं वाचायला शिकवलं एका वयस्क विक्रेत्यानं. दर दोन महिन्यांनी जुन्या कागदांचा बाजार भरतो, तिथे ते टेबल लावतात. त्यांनी माझ्या हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग दिलं आणि दोन कार्डं पुढे ठेवली. एकावर ठिपक्यांची जाळी दिसली, जशी वर्तमानपत्रातल्या फोटोत दिसते. ते छापील कार्ड. दुसऱ्यावर एकही ठिपका नाही, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग उतरत गेलेली छटा, आणि तिरक्या उजेडात धरलं की कडेला निळसर चांदीसारखी झाक. तो खरा फोटो, थेट पोस्टकार्डाच्या कागदावर उतरवलेला. छापील कार्डाच्या हजारो प्रती निघत. फोटोकार्डाच्या पन्नास निघत, कधी पाच, कधी एकच.

मग त्यांनी सांगितलं की चित्र नंतर बघ, आधी कार्ड पालथं कर.

अमेरिकेत १ मार्च १९०७ पर्यंत कार्डाच्या पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायला परवानगी नव्हती. त्यामुळे आधीच्या कार्डांवर लोक चित्राच्याच कडेला, आभाळात, जागा मिळेल तिथे लिहीत. त्यानंतर मागची बाजू उभ्या रेघेनं दुभागली. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. साधारण १९१५ नंतर छापील कार्डांना पांढरी चौकट आली, १९३० नंतर कापडासारख्या पोताचा कागद. फोटोकार्डांवर तिकिटाच्या चौकटीत कागदाच्या कंपनीचं नाव असतं. ‘एझो’ या कागदावर चौकटीच्या चार कोपऱ्यांत चार बारीक त्रिकोण असतात. चारही वर तोंड करून असतील तर कागद १९०४ ते १९१८ मधला, दोन वर आणि दोन खाली असतील तर १९१८ ते १९३० मधला. एवढंसं चिन्ह, पण पहिल्याच रात्री त्यानं माझ्या ६१ कार्डांच्या ढिगाचे चार गठ्ठे केले.

धुण्याच्या कार्डाचे त्रिकोण दोन वर, दोन खाली. चित्रावर पांढऱ्या अक्षरांत बर्कबर्नेटचं नाव. रेड नदीच्या दक्षिणेला, विचिटा फॉल्सजवळ असलेलं हे गाव. सॅम्युएल बर्क बर्नेट या मोठ्या गुरेमालकाचं नाव त्याला मिळालं. जुलै १९१८ मध्ये गावाच्या अगदी कडेला फाउलर नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीत तेल लागलं. खोदत होता तेव्हा शेजारी त्या विहिरीला फाउलरचा खुळेपणा म्हणत. हजारेक वस्तीच्या गावात आणि भोवती काही महिन्यांत वीसेक हजार माणसं येऊन पडली. परसात, चर्चशेजारी, जिथे जागा तिथे डेरिक उभे राहिले. दोरीवरचं धुणं त्याच काळातलं.

कार्ड टपालानं गेलेलं होतं. शिक्क्यावरचं वर्ष पुसलेलं, महिना तेवढा वाचता येत होता : ऑक्टोबर. तिकीट लाल, दोन सेंटांचं. इथे मी अडले, कारण त्या काळात पोस्टकार्डाला एक सेंट पडे आणि एक सेंटाचं तिकीट हिरवं असे. टपालदरांचा तक्ता काढला. पहिल्या महायुद्धामुळे २ नोव्हेंबर १९१७ ते ३० जून १९१९ एवढाच काळ कार्डाचा दर दोन सेंट होता. तेवढ्या काळात ऑक्टोबर एकदाच येतो, १९१८ चा. दोन सेंटांचा दर पुढे १९२५ मध्येही परत लागू झाला होता, पण तेव्हाच्या तिकिटांवर वॉशिंग्टनच्या चित्राखाली नाव छापलेलं असे. माझ्या तिकिटावर नाव नव्हतं.

मजकूर पेन्सिलीचा आणि फिका. टेबलावर टॉर्च आडवी ठेवून तिरका उजेड पाडला तेव्हा पेन्सिलीनं दाबलेल्या खाचा उठून दिसल्या. लिहिणारा ओहायोतल्या बहिणीला कळवत होता की तंबूत त्याच्याबरोबर आणखी पाचजण आहेत, त्यांतले दोघं तापानं पडलेत, मजुरी चांगली आहे, आणि पाणी विकत घ्यावं लागतं. ते पिववत नाही, पण दुसरं नाही. ऑक्टोबर १९१८, इन्फ्लुएंझाची साथ सगळ्यात जोरात असलेला महिना. शिक्का आणि तिकीट यांवरून काढलेल्या तारखेला मजकुरातल्या तापानं दुजोरा दिला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या दोघांच्या पुढच्या आठवड्याचा विचार करत बसले.

पाण्याची गोष्ट तेव्हापासून मनातून जाईना. टेक्सासातल्याच बोमाँट गावाजवळच्या स्पिंडलटॉपच्या टेकाडावर १० जानेवारी १९०१ रोजी तेल उसळलं, दीडशे फुटांहून उंच, आणि नऊ दिवस ते कुणाला आवरता आलं नाही. रोजचा अंदाज लाखभर पिंपांचा. त्याचा फोटो फ्रँक ट्रोस्ट नावाच्या पोर्ट आर्थरच्या छायाचित्रकारानं काढला आणि तो देशभर गेला. पुढे पुढे तेलाचा भाव पिंपाला तीन सेंटांवर आला आणि त्याच गावात पेलाभर पाणी पाच सेंटांना विकलं जात होतं, असं सांगतात. पाण्यानं पोट बिघडण्याला तिथे गावाचंच नाव पडलं होतं. माझ्या ढिगातल्या स्पिंडलटॉपच्या दोन छापील कार्डांवर आभाळ गोड निळं आहे, ते रंग छापखान्यात भरलेले. तिथे कंपन्यांचे समभाग विकणारे लोक पाहुण्यांची गाडी आली की मुद्दाम विहिरीची झडप उघडून कारंजं दाखवत. त्यामुळे कारंज्याचं कार्ड दिसलं की आता मी आधी विचारते, हे उसळलं होतं की उसळवलं होतं?

माझं आजोळ माण तालुक्यातलं. पाणी म्हटलं की मला मामाच्या रानातल्या बोअरा आठवतात. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवायची, कर्ज काढून गाडी बोलवायची आणि तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा वर यायचा. अशा तीन. चौथीला पाणी लागलं ते वर्षभर टिकलं.

आता त्या कार्डाकडे येते, ज्यानं माझे सात महिने घेतले.

ते रँचवरचं, म्हणजे गुरं पाळायच्या अफाट कुरणावरचं होतं. न पाठवलेलं, मागे एक अक्षर नाही, चित्रावर नाव नाही. चारही त्रिकोण वर, म्हणजे कागद १९१८ च्या आतला. तीन गुराखी. दोघं घोड्यावर, हातात फासाचे दोर. तिसरा रिकिबीत पाय घालून चढण्याच्या बेतात. पुढे एक गाय, तिच्या पुठ्ठ्यावर मालकीची खूण म्हणून तापल्या लोखंडानं डाग दिलेला. मागे पवनचक्की, आणि तिच्या पलीकडे धुरकट, जरासा डेरिकाचा शेंडा. पाणी उपसणारं यंत्र आणि तेल शोधणारं यंत्र एकाच चौकटीत असलेलं माझ्याकडे हे एकच कार्ड आहे.

ठिकाण शोधायला डाग हा सगळ्यात चांगला धागा. टेक्सासात गुरांचे डाग काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, दप्तरात नोंदवतात, आणि जुन्या नोंदवह्यांत डागांची चित्रं हातानं काढलेली आहेत. भिंगातून मला दोन डी अक्षरं दिसली, तिसरं गाईच्या वळलेल्या मांडीमागे अर्धं झाकलेलं. तीन डी म्हटल्यावर या भागात पहिलं नाव येतं वॅगनर रँचचं. व्हर्ननजवळची ही रँच पाच लाख एकरांहून मोठी, एका कुंपणात. पण वॅगनरांचा डी उलटा. अक्षराचं पोट डावीकडे. चोरांना असा डाग बदलणं अवघड जावं म्हणून तो तसा केला, असं सांगतात. माझ्या गाईवरचे डी सरळ होते. मी वॅगनर बाद केले.

मग महिनेच्या महिने इतर काउंट्यांच्या नोंदी चाळल्या. नॉर्थ टेक्सास विद्यापीठानं जुनी छायाचित्रं, वर्तमानपत्रं, नकाशे यांचा प्रचंड साठा संगणकावर खुला ठेवलाय, त्यात रात्री अकरा-अकरापर्यंत बसले. गावांच्या चित्रांसाठी विमा कंपन्यांचे सॅनबोर्न नकाशे फार कामाला येतात. त्यांत प्रत्येक इमारत आखलेली असते, विटांची असेल तर गुलाबी, लाकडी असेल तर पिवळी. माझी पाच गावकार्डं त्या नकाशांवरून लागली. रँचवर मात्र नकाशा काय करणार. गवत आणि क्षितिज.

या चाळण्यात एक गोष्ट खटकत राहिली. त्या काळच्या गुराख्यांमध्ये कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसं पुष्कळ होती, पण कार्डांच्या ओळींत त्यांची नावं क्वचितच सापडतात. आणि रेड नदीच्या उत्तरेला कायोवा, कोमांची या मूळ अमेरिकी लोकांची जी कुरणं बर्नेट आणि वॅगनर भाड्यानं घेत, त्या लोकांचं चित्र कार्डावर आलं तर पिसं-मणी घालून फोटोसाठी उभं केलेलं. खोक्यातल्या ६१ कार्डांत तसलं एक आहे. ते मी वेगळं ठेवलंय, त्यावर काही लिहावं असं अजून सुचलेलं नाही.

दिवाळीत मामाशी व्हिडिओवर बोलत होते. मामाचं वय ७८. त्यांच्या वडिलांनी घोडं बाळगलेलं, आणि जनावरं तर आयुष्यभर. चाऱ्याच्या छावणीत मामा दोन उन्हाळे जनावरांबरोबर राहिलेत. त्यांना आवडेल म्हणून मी ते कार्ड मोठं करून पाठवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, ह्यो घोड्यावर उजवीकडनं चढतुया.”

मी म्हटलं, “बरं मग, मामा?”

“घोड्यावर डावीकडनंच चढत्यात. घोड्याला सवयच तशी लावल्याली असती. आन त्या दोगांच्या बी डाव्या हातात दोर हाय. तिघंच्या तिघं डावखुरं कसं गावतील?”

मी कार्ड हातात घेतलं आणि तशीच उभी राहिले. आरसा. चित्र उलटं होतं. निगेटिव्ह पालथी घालून प्रिंट काढलेली होती, आणि म्हणून वॅगनरांचा उलटा डी माझ्या कार्डावर सरळ दिसत होता.

त्याच रात्री खात्री करून घेतली. १९०३ मध्ये कोडॅकनं पोस्टकार्डाच्या मापाची निगेटिव्ह देणारा घडीचा कॅमेरा काढला होता. त्या निगेटिव्हला कार्डाचा कागद चिकटवून उजेड दिला की झालं कार्ड. फिल्मची इमल्शनची बाजू, म्हणजे ज्या थरात चित्र उमटतं ती, कागदाला टेकवायची असते. पालथी टेकवली तर इमल्शन आणि कागद यांच्यामध्ये फिल्मची जाडी येते आणि चित्र किंचित मऊ पडतं. हे कार्ड मला पहिल्यापासून जरा पुसट वाटत होतं, मी तो दोष कॅमेऱ्याला देऊन टाकला होता. काचेची निगेटिव्ह अशी पालथी पडली असती तर चित्र याहून कितीतरी धूसर झालं असतं. म्हणजे फिल्मच. आणि नावाची ओळ नाही, चूक तशीच राहू दिलेली, यावरून मला वाटतं की हे दुकानात विकायला काढलेलं कार्ड नाही. रँचवरच्याच कुणीतरी हौसेनं काढलं, घरीच प्रिंट केलं, आणि ते पाठवायचं राहून गेलं.

मामांना दुसऱ्या दिवशी फोन करून सगळं सांगितलं. तेव्हा वॅगनरांच्या पाण्याची गोष्टही सांगितली, कारण ती खरी त्यांच्यासाठीच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टॉम वॅगनर आपल्या जमिनीत गुरांसाठी पाणी शोधत खोदत होते. पाण्याऐवजी तेल लागे, आणि ते चिडत. तहानलेल्या गुरांना तेलाचा काय उपयोग? पुढे १ एप्रिल १९११ रोजी त्यांच्या रँचलगतच्या, त्यांच्याच मुलीचं नाव मिळालेल्या इलेक्ट्रा गावाजवळ क्लेको नावाच्या विहिरीतून तेल उसळलं आणि त्या भागाचं नशीब पालटलं. मामा ऐकत होते. म्हणाले, “त्येचं बी खरं हाय. जनावर दारात हंबरतं तवा काय सुचत न्हाई.”

मार्चमध्ये मी इलेक्ट्राला जाऊन आले. विचिटा फॉल्सपासून अर्ध्या तासाचा रस्ता. जाताना दोन्ही बाजूंना शेतांत, घरांमागे, शाळेच्या वाटेवर तेल उपसणारे पंप माना खालीवर करत असतात. टेक्सासच्या विधिमंडळानं या गावाला पंपांची राजधानी म्हणून मान दिलेला आहे. विचिटा फॉल्सवर २०१४ च्या दुष्काळात सांडपाणी शुद्ध करून परत पिण्याच्या नळात सोडायची वेळ आली होती, हे मला मोटेलच्या बाईनं सांगितलं. पेल्यातलं पाणी पुढे ठेवताना सांगितलं.

व्हर्ननच्या संग्रहालयात वॅगनर घराण्याच्या वस्तू आहेत. तिथल्या लोखंडी डागण्या पाहताना मी पर्समधून कार्डाची प्रत काढली. त्या वेळी एक साधी गोष्ट लक्षात आली. डागणीच्या लोखंडावर अक्षर नेहमीच उमटायच्या विरुद्ध दिशेनं असतं. म्हणजे वॅगनरांच्या लोखंडावर डी सरळ, गाईवर उलटा, आणि माझ्या कार्डावर परत सरळ. माझ्या गाईच्या अंगावरची खूण मी लोखंडावरच्या खुणेशी ताडून बघितली. दोन सरळ डी, आणि तिसऱ्याचा कोपरा.

ते कार्ड मी जसं आहे तसंच ठेवलंय. संगणकावरच्या प्रतीत चित्र सुलटं केलं, तेव्हा तिघंही उजव्या हाताचे झाले आणि पवनचक्की डेरिकाच्या दुसऱ्या बाजूला गेली. ती प्रत मोठी छापून मामांना पाठवली. साध्या टपालाला तीन आठवडे लागले.

मूळ कार्डाच्या पाकिटावर काहीच लिहायचं नसतं, आतल्या आम्लविरहित चिठ्ठीवर मऊ पेन्सिलीनं लिहायचं. त्या चिठ्ठीवर आता असं आहे : वॅगनर रँच, बहुधा इलेक्ट्राच्या बाजूला. १९११ ते १९१८ मधलं असावं. फिल्म पालथी. छायाचित्रकार, आणि पुढे प्रश्नचिन्ह. गुराखी तीन, पुढे परत प्रश्नचिन्ह. खाली एका ओळीत, चित्र उलटं असल्याचं प्रथम कुणाच्या लक्षात आलं ते मामांच्या नावागावासह.

बाजाराच्या त्या विक्रेत्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी भिंगातून डाग बघितला, मग चिठ्ठी बघितली, आणि माण तालुका कुठे आला ते विचारलं. मी त्यांच्या टेबलावरच्या कागदावर नकाशा काढून दाखवला. त्यांनी मला अजून एक खोकं पुढे ढकललं. ड्रमराइट, ओक्लाहोमा, तेही तेलाचंच गाव. ८४ कार्डं, त्रिकोण चारही वर.